पंचवीस हजारांचा तानपुरा

मे महिन्यात इथे एकही लेख पडला नाही, त्याबद्दल दोन-तीन मित्रांनी विचारलं. कारण सांगतो. आईसाठी तानपुरा घ्यायचा होता.

आता यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. आपण लॅपटॉप घेताना करतो तसं करायचं. एक्सेल शीट उघडायची, रकान्यांमध्ये किंमत, वजन, लोकांचे अभिप्राय भरायचे, शेवटच्या रकान्यात निर्णय. बजेट 25,000 रुपये, म्हणजे यंदाच्या बोनसमधला ईएमआय आणि इन्शुरन्स जाऊन उरलेला भाग. (बोनसचा आकडा विचारू नका, लाज वाटते.) ती शीट अजून माझ्या डेस्कटॉपवर आहे. त्यातला एकही रकाना शेवटी कामाला आला नाही. का आला नाही, तेच आज लिहायचंय.

आधी पार्श्वभूमी. आई-बाबा खालापूर तालुक्यात राहतात, खोपोलीच्या अलीकडे. मी आणि बायको कर्जतला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, कारण माझं ऑफिस ऐरोलीला आणि रोज खोपोली लोकलच्या भरवशावर राहायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. आई मूळची कराडची. लग्नाआधी ती गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत होती, मध्यमा पूर्णपर्यंत झाली होती. 1994 साली लग्न झालं, मग मी, मग बहीण, मग आजीचं आजारपण... विशारद राहिलं ते राहिलंच. गाणं मात्र सुटलं नाही. गावातल्या भजनी मंडळात ती गेली पंचवीस-तीस वर्षं गाते. आषाढी एकादशी, गणपती, काकडा, कुणाकडे सत्यनारायण असला तर ते. साथीला पेटी, पखवाज आणि टाळ.

गेल्या वर्षी बहिणीचं लग्न झालं आणि आईने एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "मी विशारदला बसणार आहे." बाबा म्हणाले, "बस की." एवढीच चर्चा झाली. कर्जतला एका बाईंकडे तिने क्लास लावला. आठवड्यातून दोनदा खोपोली लोकलने येते, आमच्याकडे चहा घेते आणि क्लासला जाते.

दोन महिन्यांनी बाईंनी तिला सांगितलं, "ताई, सगळं ठीक आहे, पण तुमचा गंधार चढा लागतो."

आईला हे फार लागलं. ज्या बाईने तीस वर्षं गावाला सुरात ठेवलं, तिला कुणी सूर चुकतो म्हणालं तर कसं वाटेल? पण बाईंचं बरोबर होतं आणि त्यामागे साधं गणित आहे. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत 100 सेंट, म्हणून पेटीवर षड्जापासून शुद्ध गंधार 400 सेंटवर येतो. निसर्गतः षड्जाशी जुळणारा गंधार असतो साधारण 386 सेंटवर. म्हणजे पेटीचा गंधार सुमारे 14 सेंट चढा. फरक छोटा वाटतो, पण तयार कानाला तो खड्यासारखा लागतो. आई चुकत नव्हतीच. तीस वर्षं पेटी जे सांगत होती, ते ती इमानदारीने गात होती.

"तानपुऱ्यावर बसा रोज," बाईंनी सांगितलं. इथून माझी एक्सेल शीट सुरू झाली.

पहिला प्रश्न: मोबाइलवर ॲप असताना तानपुरा कशाला?

हा प्रश्न आधी आईनेच विचारला. "एवढे पैसे कशाला घालवतोस? ॲप आहे ना." तिच्या मोबाइलमध्ये मीच ते टाकून दिलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिचा प्रश्न रास्त होता.

तानपुऱ्याची बाजू घेणारे लोक म्हणतात की ॲपमध्ये 'जिवंतपणा' नाही. माझा या शब्दावर विश्वास नाही. चांगल्या ॲपमध्ये खऱ्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग असतं, सुरात लावलेलं असतं आणि चांगल्या हेडफोनवर ते उत्तम ऐकू येतं. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र गडबड होते. आईचा षड्ज आता पांढरी पाच, म्हणजे 196 हर्ट्झ. खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 98 हर्ट्झ. एवढासा स्पीकर इतका खालचा आवाज नीट काढूच शकत नाही. आपला मेंदू वरच्या स्वरांशांवरून खालचा स्वर कल्पून घेतो, म्हणून खर्ज आहे असं वाटतं. पण हा काही तानपुरा घ्यायचा मुद्दा नाही. हजार-दोन हजारांचा स्पीकर घेतला की हा प्रश्न मिटतो.

खरा मुद्दा मला आमच्या ऑफिसातल्या मडगावच्या मित्राने दाखवला. हा पठ्ठ्या वीकेंडला एका जॅझ बँडमध्ये वाजवतो आणि गेलं वर्षभर तो डबल बास शोधतोय. तोच तो माणसाच्या उंचीचा व्हायोलिनसारखा दिसणारा प्रकार, उभं राहून वाजवायचा. त्याचंही बजेट माझ्यासारखंच मध्यमवर्गीय. मी त्याला म्हटलं, "कीबोर्डवर बासचा आवाज येतो की." तो म्हणाला, "येतो. पण कीबोर्डवर बेसूर होताच येत नाही, मग कान कशाला काम करेल?"

बासच्या दांडीवर पडदे नसतात. बोट कुठे ठेवायचं हे कानानेच ठरवायचं. तानपुऱ्याचं तसंच आहे. तानपुरा वाजवायला दहा मिनिटांत येतो, मधल्या बोटाने पहिली तार, तर्जनीने उरलेल्या तीन, झालं. अवघड आहे ते लावणं. ॲप स्वतःला लावून समोर येतं. तानपुरा रोज उतरलेला असतो, रोज लावावा लागतो आणि त्या लावण्यातच कान घडतो. ॲप म्हणजे सोडवलेलं गणित आणि तानपुरा म्हणजे कोरी वही. आईला कोऱ्या वहीची गरज होती.

उलटंही तितकंच खरं. तुम्हाला सूर लावायला शिकवणारं कुणी नसेल, किंवा महिन्यातून दोनदाच रियाज होत असेल, तर कृपा करून तानपुरा घेऊ नका. हॉलच्या कोपऱ्यात शोपीस म्हणून उभे असलेले तानपुरे मी बरेच पाहिलेत. त्यापेक्षा ॲप शंभर पटींनी बरं.

माझी पहिली चूक: डोळ्यांनी खरेदी

मित्राने त्याच्या शोधातले तीन नियम मला सांगितले होते. एक, कोरीव सॉलिड लाकडाच्या मोहात पडू नकोस, आपल्या बजेटमध्ये चांगल्या प्लायवूडचा बास वाईट कोरीव बासपेक्षा बरा आणि आपल्या हवेत टिकतोही जास्त. दोन, सगळे पैसे वाद्यात घालू नकोस, काही ते नीट जुळवून घेण्यासाठी ठेव, कारण ब्रिज आणि तारा नीट बसवलेलं साधं वाद्य न जुळवलेल्या महागड्या वाद्याला हरवतं. तीन, दुसऱ्याला वाजवायला लाव आणि खोलीच्या त्या टोकाला उभा राहून ऐक.

मी मान डोलावली आणि घरी येऊन बरोबर उलट केलं. एका वेबसाइटवर एक देखणा तानपुरा दिसला. दांडीवर पांढऱ्या नक्षीची वेलबुट्टी, भोपळ्यावर कोरलेली पानं, 'प्रोफेशनल क्वालिटी', साडेचार तारे. लगेच ऑर्डर केला. आला तेव्हा खोका उत्तम होता. तार छेडली तर आवाज 'टुक्' असा आला आणि विझला. दुसऱ्या दिवशी मी बाईंना नेऊन दाखवला. त्यांनी चारही तारा एकदा छेडल्या आणि विचारलं, "परत घेतात ना?" घेतात, पण पाठवायचा खर्च आपला. 1,400 रुपयांची फी भरून मी एक धडा शिकलो: साडेचार तारे देणाऱ्यांपैकी कितीजणांना तानपुरा लावता येतो, हे ती वेबसाइट सांगत नाही.

हा आवाज का विझतो? गंमत म्हणजे याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. आपण शाळेत शिकतो की तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूवर ज्या स्वरांशाचा निस्पंद येतो तो स्वरांश ऐकूच यायला नको. 1921 साली सी. व्ही. रामन यांनी वीणा आणि तानपुऱ्यावर एक छोटा निबंध लिहिला आणि दाखवलं की ही वाद्यं तो नियम पाळत नाहीत. जे स्वरांश गप्प बसायला हवेत तेही ठणठणीत वाजतात. कारण घोडी. बास किंवा व्हायोलिनमध्ये तार ब्रिजच्या पातळ कडेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा किंचित उतरता. हलणारी तार त्या उतारावर हलकेच घासत राहते आणि वरचे स्वरांश पुन्हा पुन्हा जागे होतात. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक दोरा सरकवतात, तो अचूक जागी आला की तार झंकारत उघडते. यालाच जवारी म्हणतात.

म्हणजे तानपुऱ्याचा अर्धा आवाज त्या चार बोटं रुंद तुकड्याच्या उतारात असतो. आणि तो उतार हाताने, कानसेने, ऐकत ऐकत घासावा लागतो. माझ्या देखण्या तानपुऱ्यात पानं कोरायला वेळ दिला होता, घोडी घासायला नाही.

मग मिरज

बाई म्हणाल्या, मिरजेला जा. दुकानातून घेऊ नका, कारागिराकडून घ्या.

मिरजेत तंतुवाद्यं बनायला लागून दीडशे वर्षांहून जास्त काळ लोटला. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर. तलवारींचे दिवस संपल्यावर त्यांच्यातले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने ही कला रुजली. आज तिथे सतारमेकर गल्लीच आहे. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावचे झाले. 1937 साली ते गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नागपूरच्या संत्र्यासारखं.

खालापूर टोलनाक्यावरून एक्स्प्रेस वेला लागलं की मिरज तीनशे किलोमीटरच्या आसपास. आई, बाबा आणि मी पहाटे निघालो. (बायकोची रिलीज होती. आयटीत 'रिलीज आहे' म्हटलं की सुतकासारखं कुणी पुढे विचारत नाही.)

आता एक गोष्ट सांगायची राहिली. कराड रस्त्यातच लागतं आणि तिथे मामाच्या माळ्यावर आईचा लग्नाआधीचा तानपुरा होता. ही माझीच सुपीक कल्पना. तोच मिरजेला नेऊन दुरुस्त करायचा. पैसे वाचतील, जुनं लाकूड चांगलं वाजतं असंही सगळे म्हणतात आणि शिवाय... तीस वर्षांनी तोच तानपुरा, तीच आई! मी तर लेखाचं शीर्षकसुद्धा ठरवलं होतं.

मामाने तानपुरा खाली काढला. जुन्या चादरीत गुंडाळलेला. भोपळ्याला एक तडा, तबलीवर धूळ, तारा गंजलेल्या, घोडी गायब. मामी ओशाळली. म्हणाली, "ताई, दर वर्षी म्हणते खाली काढू, पण राहून जातं." आई म्हणाली, "अगं, माझंही राहूनच गेलं की." मग दोघी हसल्या आणि आम्ही तो गाडीत घातला.

मिरजेतले कारागीर चाचा सत्तरीचे असतील. त्यांनी तो तानपुरा हातात घेतला, तड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले हे काहीच नाही, बुजवता येतं. माझा चेहरा खुलला. मग त्यांनी बंदुकीचा नेम धरावा तशी दांडी डोळ्यासमोर धरली. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या हातात दिली. "तुम्ही बघा."

दांडी वाकली होती. एकदा दाखवल्यावर लहान मुलालाही दिसावी अशी. तारा ताणलेल्या अवस्थेतच तो माळ्यावर ठेवला गेला होता आणि तीस वर्षं त्या तारा दांडीला खेचत राहिल्या.

"करून देईन," चाचा आईला म्हणाले, "पण ताई, दांडी बदलायची, घोडी नवी, खुंट्या नव्या. मग तुमचा राहिला काय? भोपळा. आणि खर्च नव्याच्या जवळ जाणार."

मी लगेच म्हणालो, "चालेल की, आपण करूया..." आईने मला मधेच थांबवलं.

"अरे, लाकूड आहे ते. मला माझं लहानपण नकोय, मला सूर हवाय."

हे वाक्य मी अजून पचवतोय. सेंटी मी होत होतो, ती नाही. वेबसाइटवर मी डोळ्यांनी खरेदी केली होती, इथे आठवणींनी करायला निघालो होतो. दोन्ही वेळा कान बाजूलाच.

कसा निवडला

पुढचे तीन तास आई आणि चाचा बोलत होते, मी आणि बाबा ऐकत होतो. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो. कुणाला उपयोग होईल.

पहिला प्रश्न किंमतीचा नाही, पट्टीचा. चाचांनी आधी विचारलं, "ताई, सूर कुठला?" लग्नाआधी आई काळी पाचमध्ये गायची, आता पांढरी पाच. वयाने आवाज तीन पट्ट्या उतरला. पुरुषी तानपुरा साधारण काळी एक-दोनचा, मोठ्या भोपळ्याचा, बायकांचा त्याहून लहान. वाद्याची लांबी आणि तारांची जाडी तुमच्या षड्जाप्रमाणे ठरते. दुसऱ्याच्या पट्टीचा तानपुरा स्वस्तात मिळाला तरी तो दुसऱ्याचा चपलेचा जोड घालण्यासारखं आहे. आणि ऐकताना तो तुमच्याच पट्टीत लावून ऐका. दुकानात जो सूर लागलेला असतो तो दुकानदाराचा असतो.

दुसरं, दांडीचा नेम धरा. हे मी आता जन्मात विसरणार नाही.

तिसरं, भोपळा. तो खरोखरचा कडू भोपळा असतो, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येणारा, वेलीवर वाढलेला आणि पूर्ण वाळवलेला. म्हणून दोन भोपळे सारखे नसतात आणि थोडी वाकडी गोलाई हा दोष नाही. हलकेच टिचकी मारून सगळीकडे सारखा भरीव आवाज येतो का ते ऐका आणि दांडीच्या जोडापाशी नीट पाहा.

चौथं, खुंट्या. तार चढवली की खुंटी तिथेच थांबायला हवी. पाच मिनिटं गप्पा मारा आणि परत छेडा. उतरली असेल तर खुंटी नीट बसलेली नाही. मण्यांनी होणारं बारीक लावणं त्याच्या नंतर.

पाचवं, एकेक तार वेगळी ऐका. पंचम, दोन जोडाच्या, शेवटी खर्ज. जोडाच्या दोन तारा एकच वाटायला हव्यात. आणि खर्जाची पितळी तार ही खरी परीक्षा. नक्षी, पॉलिश, भोपळ्याचा आकार सगळं विसरा, फक्त खर्ज ऐका. चांगला खर्ज छेडल्यावर लगेच संपत नाही, आधी उमलतो आणि मग हळूहळू विरतो. तो विरत असताना त्याच्यातून गंधार ऐकू यायला हवा. खर्जाचा पाचवा स्वरांश म्हणजे 98 गुणिले 5, 490 हर्ट्झ. तोच वरचा शुद्ध गंधार, तोच 386 सेंटवाला. कुणी न छेडता आपोआप येतो म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

सहावं, मडगावच्या मित्राचा नियम. आईने वाजवला आणि चाचा दारापाशी जाऊन उभे राहिले. मग चाचांनी वाजवला आणि आई दारापाशी.

चार तानपुरे झाले. एक नक्षीदार होता, बाबांना आवडला. आईने तो दोन मिनिटांत बाजूला ठेवला. शेवटी निवडला तो अगदी साधा, तुणाच्या लाकडाचा, तपकिरी पॉलिश, कडेला एक पांढरी रेघ, बस्स. चाचांनी तिच्यासमोर बसून जवारी काढली. कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवायची. असं तासभर. माझ्या कामात आम्ही याला टेस्टिंग म्हणतो आणि वेळ कमी पडला की पहिलं तेच कापतो.

हिशेब असा झाला. तानपुरा 20,500, जाड अस्तराचं कव्हर 2,000, तारांचे दोन जादा संच 500. उरलेले 2,000 मी खर्च केले नाहीत. ते पुढच्या वर्षीच्या जवारीसाठी आहेत, कारण वाजवून वाजवून घोडीवर खाचा पडतात आणि परत घासावी लागते. माझं ठाम मत असं की बजेटचा दहावा हिस्सा तरी असा राखून ठेवावा. आणि वाद्य अशा माणसाकडून घ्यावं ज्याच्याकडे आपण परत जाऊ शकतो. वेबसाइटकडे परत जाता येतं ते फक्त वस्तू परत करायला. (पेट्रोल, टोल आणि मिरजेतलं मटण हिशेबात धरलेलं नाही.)

जुना तानपुरा चाचांकडेच ठेवला. त्याचा भोपळा चांगला आहे, कशाला तरी वापरतील. आईने निघताना वळून पाहिलं नाही. मी पाहिलं.

त्यानंतर

गोड शेवट इथे करता आला असता, पण तसं झालं नाही. घरी आल्यावर आईला तानपुरा लावताच येईना. तीस वर्षांत कान पेटीला सरावले होते. जोड जुळायचा, पंचम अडायचा, पंचम जुळवला की जोड उतरलेला. अर्धा-अर्धा तास त्यातच जायचा आणि गायला बसेपर्यंत बाबांची जेवायची वेळ. एकदा मला फोन करून म्हणाली, "तुझे पैसे फुकट गेले बघ. ॲपच बरं होतं." मला खरंच वाईट वाटलं. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी तिला काय समजावणार? मला स्वतःला तानपुरा लावता येत नाही.

बाईंनी मात्र ॲप बंद करायला सांगितलं. म्हणाल्या, "महिनाभर गाऊ नका. फक्त लावा."

तिने तसं केलं. रोज सकाळी तासभर. मंडळातल्या बायका विचारायला लागल्या, "वहिनी, आज गाणं नाही?" परवा रविवारी आम्ही दोघं गेलो होतो. बाहेर पाऊस लागला होता, आमच्याकडचा, म्हणजे समोरचा डोंगर दिसत नाही असा. लाइट गेलेले. आई आतल्या खोलीत तानपुरा लावत होती. अचानक तिने हाक मारली, "अरे, इकडे ये. ऐक."

मी ऐकलं. मला चार तारा ऐकू आल्या. "गंधार," ती म्हणाली. "खर्जात. ऐकतोयस ना?"

खरं सांगू? मला नाही आला ऐकू. मला त्याची फ्रीक्वेन्सी पाठ आहे, पण ऐकू नाही आला. मी "हो" म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. "खोटं बोलू नकोस," म्हणाली, "बस इथे रोज पंधरा मिनिटं, येईल."

परीक्षा अजून लांब आहे. विशारद होईल का, माहीत नाही. पण दर रविवारी सकाळी खोपोली लोकल पकडायची असं मी ठरवलंय. पंचवीस हजारांत आईसाठी एक तानपुरा आला आणि माझ्यासाठी एक रिकामी वही. बघू, माझा गंधार कधी लागतो ते.

असो. बराच लांबला लेख.

ता. क. आपल्या कर्जत-खालापूरच्या पावसात तानपुरा ठेवणाऱ्यांसाठी चाचांच्या सूचना: बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. प्लास्टिक गुंडाळू नका, आत ओल कोंडते, कापडी कव्हरच घाला. खुंट्या फुगून अडकल्या तर जोर लावू नका. पोलादी तारा वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. आणि आठ दिवसांहून जास्त वाजवणार नसाल तर तारा थोड्या उतरवून ठेवा. शेवटची सूचना कराडच्या माळ्यावर कुणी सांगितली असती तर... पण ते जाऊ दे.